खडकाईचा मुखवटा आणि गेणबाच्या खुणा

एका गावात एक भोळा गडी होता. गेणबा त्याचं नाव. घायपाताचे दोर वळून पोट भरायचा. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. खोड म्हणाल तर एकच. सांगितलं की करायचा. अगदी सांगितलं तस्संच. एकदा त्याची बायको सारजा म्हणाली, "चुलीवर दूध हाय, जरा बघा." गेणबानं बघितलं. दूध तापलं, वर आलं, उतू गेलं, चूल विझली. गेणबा बघतच होता. सारजा येऊन ओरडली, तर हा म्हणतो, "तुझी शपथ, एकदाबी नजर हलवली न्हाई!" आता ह्याला काय म्हणावं, तुम्हीच सांगा.

गावाचं नाव फुफाटवाडी. तिथं धूळ एवढी, की पाहुणा आला की आधी त्याला झटकायचे आणि मग ओळखायचे. गावामागं डोंगर. उघडा, बोडका, काळा. चैत्रात त्या कातळावर भाकरी टाकली तर उलटायच्या आत करपावी. पाऊस तिकडं वाट चुकूनच यायचा. डोंगराच्या पलीकडं ओढेवाडी. तिला ओढा होता, म्हणून तोराही होता. दोन्ही गावांची देवी एकच, खडकाई. मधल्या खिंडीत तिचं देऊळ. चैत्रातल्या जत्रेला दोन्ही गावांच्या पालख्या निघायच्या आणि दरसाल भांडण एकच. पुढं कुणाची पालखी?

पूर्वी फुफाटवाडीची असायची. कारण देवीचा चांदीचा मुखवटा फुफाटवाडीकडं होता. मग पेंढाऱ्यांची धाड आली. गेणबाच्या पणजानं मुखवटा तांब्याच्या हंड्यात घातला, डोंगरात नेऊन पुरला, वाटेवरच्या कातळांवर खुणा केल्या, बकऱ्याच्या कातड्यावर नकाशा काढला, आणि कुणाला काही सांगायच्या आत तापानं गेला. तेव्हापासून मुखवटा डोंगरात आणि पहिल्या पालखीचा मान ओढेवाडीत.

सारजाचं माहेर ओढेवाडी. म्हणजे बघा, दर जत्रेला माहेरची पालखी पुढं, सासरची मागं, आणि मध्ये हिचा भाऊ संतू मिशीला पीळ देत उभा. "काय दाजी, मुखवटा घावला का?" गेणबा खरं ते सांगायचा. "न्हाई बाबा." लोक खो खो हसायचे. गेणबाही त्यांच्याबरोबर हसायचा. सारजाच्या डोळ्यांत मात्र पाणी यायचं. नवरा भोळा आहे ह्याचं तिला कधी दुःख झालं नाही. पण त्याचं हसं व्हावं आणि त्यात तिचाच भाऊ पुढं असावा, हे तिला फार लागायचं.

त्या साली दोन्ही गावांचे पंच बसले. रोजची कटकट नको, एकदाच काय ते होऊन जाऊ दे म्हणाले. ठरलं असं, की ह्या जत्रेला मुखवटा आणला तर मान फुफाटवाडीचा. नाही आणला तर मान कायमचा ओढेवाडीचा, फुफाटवाडीनं पुन्हा तोंड उघडायचं नाही. फुफाटवाडीची माणसं तोंडं पाडून घरी आली.

आणि त्याच सुमारास सारजानं लोणच्याची बरणी उघडली. बरणीच्या तोंडाला एक जुनं कातडं बांधलेलं होतं. सासूच्या सासूपासूनचं. आजवर ते उलटून बघायचं कुणाला सुचलं नव्हतं. सारजानं पुसायला म्हणून उलटलं, तर आतल्या बाजूला रेघाच रेघा! ती तशीच पदर खोचून शिदू गुरवाकडं पळाली.

शिदू गुरव म्हणजे खडकाईचा पुजारी. डोंगरातल्या खुणा कशा वाचायच्या हे त्याला त्याच्या आज्यानं शिकवलं होतं. पण आता त्याचे गुडघे गेले होते. उठायचं झालं तर दोघं लागायचे. त्यानं कातडं मांडीवर पसरलं. गाव गोळा झालं.

गेणबानं एका डागावर बोट ठेवलं. "काका, हे तळं का?"

"ते लोणच्याचं तेल."

"आणि ह्यो बारका गोल? ह्योच हंडा!"

गुरवानं नखानं खरवडलं. "मेथीचा दाणा."

मग त्यानं डोळे बारीक करून नकाशा वाचला. "पहिली खूण हात. त्याचं बोट वाट दाखवतं. दुसरी खूण बाण. तिसरी साप. चौथी चंद्र-सूर्य. चंद्र-सूर्याच्या पायथ्याला हंडा."

पाटील म्हणाले, "झालं की मग! चार हुशार गडी पाठवू."

"चालायचं न्हाई," गुरव म्हणाला. "देवीचं ठेवणं हाय. ज्याच्या घरच्यानं ठेवलं, त्याच्याच घरच्या हातानं काढायचं. शोधताना दुसऱ्याची सावलीसुद्धा पडायची न्हाई. रीतच हाय तशी."

सगळ्यांनी गेणबाकडं बघितलं. गेणबानं मागं वळून बघितलं. मागं कुणी नव्हतं.

पाटलांनी कपाळ धरलं. गुरवानं खडकाईला हात जोडले. मग तो सारजाकडं वळला. "आणि काय गं, नकाशा लोणच्याला बांधायचा असतो? असली वस्तू कशी ठेवावी? जिथं दुसऱ्या कुणाचा हात पोचणार न्हाई अशा जागी ठेवावी."

चूक सारजाच्या सासूच्या सासूची. बोलणी सारजानं खाल्ली. आणि लक्षात ठेवलं ते गेणबानं.

दुसऱ्या दिवशी गेणबा कातडं कमरेला खोचून, खांद्यावर कुदळ टाकून निघाला. सारजानं भाकरी बांधून दिली. म्हणाली, "अवं, एवढं काम नीट करा. मला दुसरं काही नको." गेणबा म्हणाला, "नीटच करतो." आणि खरंच, न करायला तो काही वाईट माणूस नव्हता.

संध्याकाळी परत आला तो हसत हसत. थेट गुरवाच्या दारात.

"काका, पहिली खूण घावली!"

"शाब्बास! हात होता ना?"

"हात न्हवता. पांढरी होती. लांबट. वरनं खाली वघळलेली. तिच्या रोखानं खाली दिवसभर खणलं. पण काका, देवी जागृत हाय बघा. मी बघतोय तवर शेजारी आणखी एक खूण उमटली! ताजी!"

गुरवानं कान खाजवला. मग त्यानं विचारलं, "गेण्या, वर कावळा बसला होता का रं?"

"व्हता की. पण त्यो नुसता बसला व्हता. त्यो काय लिहीत न्हवता."

"अरे गेण्या, गेण्या, गेण्या!" गुरवानं मांडीवर हात मारला. "ती घाण रं! खूण घाणीखाली झाकलेली असती. दिसली की आधी पाण्यानं धुवावी. चोळून चोळून लख्ख करावी. मंग वाचावी."

"आता कळलं, काका," गेणबा म्हणाला. "पुढच्या खेपेला बरोबर करतो."

पुढच्या खेपेला त्यानं डोक्यावर पाण्याची घागर घेतली. फुफाटवाडीत पाणी म्हणजे तुपापेक्षा महाग. सारजानं स्वतःच्या वाटणीचं दिलं. गेणबानं कावळ्याचा कातळ धुतला, तर काय! खालून कोरलेला हात निघाला. एक बोट मावळतीला. गेणबानं उडीच मारली. मावळतीला गेला. तिथं एक कपार होती. कपारीच्या आत, ऊन-पाऊस लागणार नाही अशा आडोशाला, गेरूनं काढलेला बाण. लालबुंद. काल काढल्यासारखा. त्याच्या पणजाच्या हातचा.

आता तुम्ही म्हणाल, काम झालं. बाण बघावा, चालू लागावं. पण गुरवानं काय सांगितलं होतं? आणि घागरीत पाणी तर उरलंच होतं.

संध्याकाळी गुरवानं विचारलं, "बाण घावला?"

"घावला. धुतला. चोळून चोळून."

"गेरूचा होता का कोरलेला?"

"लाल व्हता. लई मळ बसला व्हता, काका! निघता निघंना. डोईचं मुंडासं सोडून घासला, तवा कुठं कातळ लख्ख झाला."

"आणि बाण? बाण कुणीकडं होता?"

"बाण हिकडं आला," म्हणत गेणबानं मुंडासं दाखवलं. लाल झालं होतं.

"अरे गेण्या, गेण्या, गेण्या!" गुरवानं ह्या वेळी दोन्ही मांड्यांवर हात मारले. "पेंढाऱ्यांना घावला न्हाई त्यो बाण तू पुसलास! आता कानात प्राण आणून ऐक. जुन्या खुणेला बोट लावायचं न्हाई. पाणी दाखवायचं न्हाई. लांब उभं ऱ्हायचं, हात जोडायचे, शेपटापासून डोक्यापर्यंत नीट बघायचं, आणि तिचं तोंड जिकडं असंल तिकडं मुकाट चालायचं. आता साप हुडक. त्याच डोंगराच्या पाठीला असंल."

"आता कळलं, काका. पुढच्या खेपेला बरोबर करतो."

सारजानं मुंडासं धुवायला घेतलं आणि मग ठेवून दिलं. म्हणाली, "राहू दे. न जाणो, लागंल."

पुढच्या खेपेला गेणबा डोंगराच्या पाठीला गेला. ऊन मी म्हणत होतं. एका सपाट कातळावर साप होता. चांगला लांबसडक. गेणबा लांब उभा राहिला. हात जोडले. शेपटापासून डोक्यापर्यंत नीट बघितलं. तोंड गावाकडं होतं. तेवढ्यात साप निघाला.

आता ती धामण होती हे मी तुम्हाला सांगतोय. गेणबाला कुणी सांगायचं? खूण चालू लागली, गेणबा मुकाट मागं. खूण कातळावरून उतरली, गेणबा उतरला. खूण निवडुंगात शिरली, गेणबा शिरला. ओरबाडला, पण शिरला. खूण बांध ओलांडून गावात आली, पाटलांच्या अंगणात शिरली आणि ओसरीखालच्या बिळात गेली. ओसरीवर पाटील बाजेवर घोरत पडले होते.

गेणबानं कुदळ उचलली.

थोड्या वेळानं पाटलांना स्वप्न पडलं की आपण होडीत बसलोय. डोळे उघडले तर बाजेचे दोन पाय वर, दोन पाय खड्ड्यात, आणि पाटील मधोमध.

"अरे ए! काय चाललंय हे?"

"खणतोय, पाटील. तुम्ही झोपा."

"माझ्या घरात?"

"मी कुठं आलोय? खूण आली. मी तिच्या मागं. हितंच शिरलीया, तुमच्या खाली."

"कसली खूण?"

"सापाची."

त्यानंतर पाटील जे धावले, ते म्हणे चावडीपर्यंत धोतर सावरत धावले. धामण आपल्या वाटेनं उकिरड्याकडं निघून गेली. ओसरी मात्र गेली ती गेलीच.

"अरे गेण्या, गेण्या, गेण्या!" मांड्यांवर मारून मारून गुरवाचे हात दुखत होते, म्हणून ह्या वेळी त्यानं भिंतीवर मारले. "हलतं ती खूण असती व्हय रं? खूण कधी हलत न्हाई. बघितली आणि हलली, की तिला सोडून द्यायचं. हलली न्हाई, की तिचं ऐकायचं. एवढं तरी डोक्यात राहील ना?"

"ऱ्हाईल, काका."

"आणि हे बघ, उद्या जत्रा. पालख्या निघायच्या आत आला पाहिजेस. मुखवटा घावला तर उघड्यावर मिरवत येऊ नको. डोंगरात कोण कसं भेटंल सांगता येत न्हाई. माणसं दिसली की तुझ्या पणजाची अक्कल आठव. त्यानं कसं केलं ते आठव."

"आता कळलं, काका. पुढच्या खेपेला बरोबर करतो."

"पुढची खेप शेवटची हाय, बाळा," गुरव म्हणाला. हे तो हळूच म्हणाला. सारजानं तेवढं ऐकलं.

जत्रेच्या सकाळी ती गेणबाबरोबर वेशीपर्यंत आली. तिनं त्याच्या डोक्याला तेच लाल मुंडासं बांधलं. कमरेला पाण्यानं भरलेला भोपळा बांधला. मागं वळून घराकडं गेली आणि आरतीचं ताट घासत बसली.

गेणबा डोंगरात हिंडला. एक सरडा दिसला. हलला. सोडून दिला. एक झुडूप दिसलं. हललं. सोडून दिलं. खाली एक काळा माणूस दिसला. गेणबा हलला तसा तोही हलला. ती गेणबाचीच सावली होती. तिलाही त्यानं सोडून दिलं.

आणि मग एका कातळावर साप दिसला. खरा. म्हणजे खोटा. म्हणजे दगडात कोरलेला, वेटोळं घातलेला, पणजाचा साप. पण ऊन असं रखरखत होतं, की कातळावरची हवासुद्धा थरथरत होती. गेणबानं लांब उभं राहून हात जोडले. साप डोळ्यांसमोर थरथरला.

"हललास!" गेणबा म्हणाला. "तू खूण न्हाईस." आणि पुढं गेला.

आता बोला! पण देवीला दया आली म्हणा, की आणखी काही म्हणा. पुढच्या टेपाडावर मायाप्पा धनगर झोपला होता. भोवती मेंढरं बसलेली, मध्ये हा कातळावर आडवा, उजवा हात लांब पसरलेला. गेणबानं लांबून बघितलं. मायाप्पा हलला नाही. गेणबानं हात जोडले. हलला नाही. एक माशी येऊन नाकावर बसली. तरी मायाप्पा हलला नाही.

"हीच ती," गेणबा म्हणाला. पायापासून डोक्यापर्यंत त्यानं मायाप्पाला नीट वाचला. बोट लावलं नाही. हात जिकडं होता तिकडं मुकाट चालत गेला. आणि तिथं, अहो खरंच सांगतो, एक भला मोठा दगड होता, आणि त्याच्यावर चंद्र होता आणि सूर्य होता.

गेणबानं खणलं. कुदळ ठण्णकन वाजली. हंडा निघाला. झाकण काढलं तर आत चांदीचा मुखवटा. एवढी वर्षं मातीत राहून काळा पडलेला, पण डोळे टपोरे, नाकात नथ, आणि ओठांवर हसू. गेणबा त्याच्यासमोर मांडी घालून बसला. त्याला एकदम भरून आलं. आपण काहीतरी नीट केलं, असं त्याला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. मग डोळे पुसून त्यानं हंडा डोक्यावर घेतला आणि निघाला.

खाली गोवऱ्या वेचणाऱ्या एका बाईनं त्याला कड्यावर बघितलं. डोक्यावर हंडा बघितला. ती किंचाळत गावात गेली. मग काय विचारता! फुफाटवाडी धावली. हलग्या निघाल्या, फेटे उडाले, गुलाल निघाला, शिदू गुरवाला बाजेसकट उचललं, आणि सगळ्यांच्या पुढं आरतीचं ताट घेऊन सारजा. सगळा गाव डोंगराकडं निघाला. ओढेवाडीची माणसंही काय झालं ते बघायला खिंडीतून आली.

गेणबानं वरून बघितलं. माणसं येत होती. पुष्कळ माणसं. धूळ उडवत, आरडाओरडा करत.

गेणबानं हंडा खाली ठेवला आणि पणजाची अक्कल आठवली.

बऱ्याच वेळानं तो डोंगर उतरून आला. मोकळ्या हातांनी. पण चेहरा असा फुललेला, की हलगीवाल्यांना हात आवरेनात.

"घावला?" गुरव बाजेवरून ओरडला.

"घावला!"

हलग्या कडाडल्या.

"अहाहा, काका, काय रूप! डोळं असं टपोरं. नाकात नथ. आणि सारजे, हसती कशी सांगू? तू सणाला हसतीस तशी."

सारजा लाजली. ताटातली वात नीट करू लागली.

"पण हाय कुठं मुखवटा?" पाटलांनी विचारलं.

"पुरला."

हलग्या थांबल्या.

"का?" गुरव म्हणाला.

"माणसं दिसली."

"कसली माणसं?"

"तुम्हीच की."

मग गुरवानं मोठा श्वास घेतला. "बरं. बरं. घाबरू नका रं. जिथं होता तिथंच पुरलास ना? चंद्र-सूर्याखाली?"

"छ्या! त्या जागेचा नकाशा अख्ख्या गावानं बघितलाय. नवी जागा केली."

"तिथं खूण केलीस?"

"केली की. तांबडा दगड घासून हाताएवढा बाण काढला. असा झ्याक!"

लोकांनी सुस्कारा सोडला.

"मंग धुतला. चोळून चोळून. लख्ख."

पाटील खाली बसले. बसल्या बसल्या म्हणाले, "कुदळ? कुदळ तरी तिथं पडली असंल?"

"उघड्यावर टाकून येऊ व्हय? तीबी पुरली."

"कुदळ कशानं पुरलीस?"

"हातानं. तिचा खड्डा वेगळा हाय."

गुरवाचा आवाज आता अगदी बारीक झाला होता. "गेण्या, नकाशा? नकाशा काढलास?"

"काढला न्हाई व्हय! त्याच कातड्याच्या पाठीवर कोळशानं. बारीकसारीक सगळं. पणजापेक्षा सरस."

"मंग दे इकडं!"

"काका, असं काय करता? असली वस्तू कशी ठेवावी, तुम्हीच सांगितलं. जिथं दुसऱ्या कुणाचा हात पोचणार न्हाई अशा जागी."

"कुठं ठेवलास, गेण्या?"

"हंड्यात. मुखवट्याच्या शेजारी."

गुरवानं मारायला मांडी शोधली, भिंत शोधली, काहीच सापडलं नाही. मग त्यानं दोन्ही हात आभाळाकडं केले आणि तसेच ठेवले.

"आता घाबरायचं कारण न्हाई," गेणबानं त्याला धीर दिला. "ठेवणाराच्या घरच्या हातानं काढायचं, व्हय ना? आता ठेवणाराबी मी आणि हातबी माझाच. आणि जागा माझ्या ध्यानात हाय. पक्की खूण हाय. एवढंसुद्धा न हलणारी. मायाप्पा धनगर झोपलाय. त्याचा हात जिकडं तिकडं जुनी जागा, आणि पाय जिकडं तिकडं नवी."

"कोण म्हणालास?" गर्दीतून आवाज आला. मायाप्पा धनगर पुढं आला. हातात जत्रेची भेळ होती. मागं मेंढरं होती.

गेणबाचं तोंड उघडंच राहिलं. "हललास! अरे, तू हललास कशाला?"

"भूक लागली."

पाटील धडपडत उठले. त्यांनी मायाप्पाचे खांदे धरले. "बाबा, सकाळी कुठं झोपला होतास, तेवढं सांग!"

"मेंढरं बसली तिथं."

"पण मेंढरं कुठं बसली?"

"ते मेंढरांना ठावं. जागा ती बघत्यात. मी डोळं मिटतो."

एवढ्यात ओढेवाडीच्या गर्दीतून संतू पुढं आला. सारजाला ठाऊक होतं आता काय होणार. संतूनं सवयीनं मिशीला पीळ दिला, सवयीनं मान वाकडी केली आणि सवयीनं विचारलं, "काय दाजी, मुखवटा घावला का?"

गेणबा खरं तेच सांगायचा. "व्हय," तो म्हणाला. "घावला."

संतू पुढचं हसायला तयार होऊन उभा होता. ते हसू त्याच्या तोंडातच अडकलं. एवढी वर्षं विचारत आला, पण ह्या उत्तराला काय बोलायचं ते त्यानं कधी ठरवलंच नव्हतं. मिशी हातात धरून तसाच उभा राहिला. ते बघून सारजाला हसू फुटलं. आधी पदराआड, मग पदर सोडून, मग ताट खाली ठेवून. तिचं बघून संतूही हसला, मग पाटील, मग दोन्ही गावं. गेणबाही हसला. आणि त्या वेळी त्याच्याबरोबर हसताना सारजाला पहिल्यांदाच काही लागलं नाही.

पंचांनी डोकी एकत्र केली. मुखवटा घावला तर होता, आला मात्र नव्हता. असल्या गोष्टीचा निवाडा कुणाच्या बापजाद्यांनी करून ठेवलेला नव्हता. शेवटी शिदू गुरव म्हणाला, "रीत-भात राहू द्या बाजूला, देवी समजून घेईल. मायाप्पा, सोड तुझी मेंढरं डोंगरात. आम्ही मागनं येतो."

तर त्या साली खडकाईची जत्रा डोंगरावर चढली. सगळ्यांच्या पुढं मेंढरं. त्यांच्या मागं मायाप्पा, भेळ खात. त्याच्या मागं दोन्ही पालख्या, शेजारी शेजारी, कारण पुढं मेंढरं असल्यावर पुढचं-मागचं भांडण उरलंच नव्हतं. मग संतूच्या पाठीवर शिदू गुरव, आणि त्याच्या शेजारी गेणबा आणि सारजा. हलग्या वाजल्या की मेंढरं बुजून पळायची, म्हणून हलग्या बंद केल्या. मग मेंढरं रमतगमत चरत गेली. ह्या टेपाडावरून त्या टेपाडावर, त्या टेपाडावरून तिसऱ्या. आणि भर दुपारी एका कातळाजवळ जाऊन एकदाची बसली.

मायाप्पानं जांभई दिली. भेळेचा कागद घडी करून खिशात घातला. कातळावर आडवा झाला. उजवा हात लांब पसरला. पाय सरळ केले. आणि घोरू लागला.

दोन गावांनी श्वास रोखून धरला. हात जिकडं होता तिकडं बघितलं, तर लांबवर एक भला मोठा दगड दिसत होता, आणि त्याच्यावर काहीतरी गोल गोल कोरल्यासारखं वाटत होतं. गुरवाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"गेण्या," तो कुजबुजला. "नीट बघ, बाळा. हीच का ती खूण?"

गेणबा पुढं गेला. लांब उभा राहिला. हात जोडले. बोट लावलं नाही. पायापासून डोक्यापर्यंत मायाप्पाला नीट बघितला. सगळं अगदी सकाळसारखंच होतं. तेवढ्यात एक माशी आली आणि मायाप्पाच्या नाकावर बसली.

मायाप्पानं नाक उडवलं.

"हलली," गेणबा म्हणाला. "ही खूण न्हाई." आणि दोन गावं, दोन पालख्या आणि बसलेली मेंढरं तिथंच सोडून तो पुढच्या टेपाडाकडं चालू लागला.